सागरी मंडळ आणि सागरी किनारा प्राधिकरण: अर्ज नेमका कोणाकडे?

कोकणातल्या एखाद्या गावात जेट्टीचे, धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे किंवा घराच्या बांधकामाचे काम अडले, की ‘मेरीटाईमने अडवले’ आणि ‘सीआरझेडने (म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनी) अडवले’ ही दोन वाक्ये सरसकट एकाच अर्थाने ऐकू येतात. दोन्ही कार्यालये मुंबईत, दोन्ही राज्याची आणि दोहोंच्या नावात ‘सागरी’, त्यामुळे हा घोटाळा होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात महाराष्ट्र सागरी मंडळ, म्हणजेच बोलीतले मेरीटाईम बोर्ड, आणि महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांचा जन्म, रचना आणि अधिकार यांत फारसे साम्य नाही. उलट मंडळाला स्वतःच्या कामासाठी पुष्कळदा या प्राधिकरणापुढेच अर्जदार म्हणून उभे राहावे लागते.

सागरी मंडळाचे स्वरूप समजायला सोपे आहे. ते १९९६ च्या राज्याच्या कायद्याने स्थापन झाले असून बंदरे खात्याच्या अखत्यारीत येते. बंदरे खात्याचे मंत्री त्याचे अध्यक्ष असतात आणि दैनंदिन कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतात. अनेक वर्षे ७२० किलोमीटर म्हणून सांगितल्या गेलेल्या किनाऱ्यावरची ४८ लहान बंदरे मंडळाकडे आहेत. मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर मात्र केंद्राची असल्यामुळे या यादीत येत नाहीत. मंडळाला उत्पन्न आहे, अभियंते आहेत आणि धक्क्यावर दिसणारी माणसेही आहेत. लाँचमध्ये किती प्रवासी बसवायचे, जीवरक्षक जाकिटे पुरेशी आहेत की नाहीत, वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागल्यावर फेरी सोडायची की नाही, हे सारे प्रश्न बंदर निरीक्षकाकडे, म्हणजे मंडळाकडे जातात.

प्राधिकरणाचे तसे नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९९६ मध्ये, किनारपट्टी नियमनाची १९९१ ची अधिसूचना कागदावरच राहिली आहे अशा तक्रारीवर निकाल देताना, किनारी राज्यांसाठी अशी प्राधिकरणे नेमण्याचा आग्रह धरला आणि त्यातून ती पुढे अस्तित्वात आली. नाव राज्याचे असले तरी नेमणूक केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचनेने, १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली आणि ठरावीक मुदतीसाठी होते. राज्याच्या पर्यावरण खात्याचे सचिव अध्यक्षस्थानी असतात आणि इतर संबंधित खात्यांच्या अधिकाऱ्यांबरोबर काही तज्ज्ञ सदस्य बसतात. खरे पाहता ही एक समिती आहे. तिच्या मालकीचा धक्का नाही की जमीन नाही, आणि गावोगाव नेमलेला कर्मचारीवर्गही नाही. ‘प्राधिकरण’ हा भारदस्त शब्द इथे थोडा फसवा आहे असे मला वाटते, कारण मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत ते अंतिम परवानगी देत नाही, शिफारस करते.

ही शिफारस कशी घडते ते पाहण्यासारखे आहे. अर्जदाराला मान्यताप्राप्त संस्थेकडून १:४००० प्रमाणातला नकाशा काढून घ्यावा लागतो आणि त्यावर भरतीरेषा, ओहोटीरेषा व प्रस्तावित बांधकाम एकत्र दाखवावे लागते. पुष्कळदा रेषा एकाच सर्व्हे नंबरातून जाते आणि विहीर एका बाजूला, घर दुसऱ्या बाजूला पडते. मग सगळी चर्चा त्या रेषेभोवती फिरते. पूर्ण अर्ज हाती आल्यापासून ६० दिवसांत प्राधिकरणाने आपले मत द्यावे अशी किनारपट्टी नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेची अपेक्षा आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले आणि प्रत्यक्ष पाण्यातले बहुतेक प्रकल्प दिल्लीला केंद्रीय मंत्रालयाकडे जातात, तर जमिनीकडच्या भागातल्या कामांचा निर्णय राज्य पातळीवर होतो. जेट्टीचा एक पाय चिखलात आणि दुसरा पाण्यात असल्यामुळे तिची फाईलही पूर्वी दिल्लीची वाट धरत असे; नंतरच्या दुरुस्तीने मात्र सुट्या जेट्ट्यांचा निर्णय राज्याच्या प्राधिकरणाकडे आला. स्वतःच्या राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला मात्र याच अधिसूचनेने प्राधिकरणाच्या शिफारशीची अट ठेवलेली नाही. किनारी नियम तपासून स्थानिक संस्थाच त्याला मंजुरी देऊ शकते. हे ठाऊक नसल्याने लोक विनाकारण मंत्रालयात खेटे घालतात.

दोन्ही संस्था एकाच प्रकरणात कशा येतात हे डहाणू तालुक्यातल्या नियोजित वाढवण बंदरात स्पष्ट दिसते. त्या प्रकल्पात जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि सागरी मंडळाचा २६ टक्के आहे. म्हणजे राज्याची एक संस्था भागीदार, दुसरी किनारी नियमांच्या बाजूने छाननी करणारी आणि शेवटचा शब्द केंद्रीय मंत्रालयाचा. त्यात डहाणू तालुक्यासाठी १९९६ पासून असलेले स्वतंत्र पर्यावरण संरक्षण प्राधिकरण तिसरे. त्याची संमती २०२३ मध्ये मिळाली. मच्छीमारांचा विरोध या सगळ्या दारांवर वेगवेगळा नोंदवावा लागला, यात नवल नाही.

गोव्यात हा गोंधळ तुलनेने कमी होतो. तिथेही किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आहे, पण बंदरांचा कारभार ‘कॅप्टन ऑफ पोर्ट्स’ या खात्याकडे असल्यामुळे निदान नावे तरी एकमेकांत मिसळत नाहीत.

तक्रारीच्या वेळी हा फरक सर्वात महत्त्वाचा ठरतो. लाँचमध्ये जादा प्रवासी भरले, धक्क्याची पायरी खचली, तर अर्ज सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात द्यावा. भरतीरेषेच्या आत भराव पडत असेल किंवा बेकायदा बांधकाम उभे राहत असेल, तर मंडळाकडे जाऊन उपयोग नाही. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हास्तरीय समिती आहे, जिच्यात मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असणे बंधनकारक आहे. प्राधिकरणाला गावात स्वतःचा माणूस नसल्याने हीच समिती त्याचे डोळे ठरते. कांदळवन तोडले जात असेल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षालाही त्याच दिवशी कळवावे, आणि अर्जात सर्व्हे नंबर, तारीख व भरतीच्या वेळी काढलेले छायाचित्र असावे.