५० अधिक ५० बरोबर ९६.५

वीस अंश सेल्सिअसला ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर शुद्ध इथेनॉल (म्हणजे अल्कोहोल) एकत्र केले, तर मिश्रण सुमारे ९६.५ मिलिलिटरच भरते. वजन मात्र जराही घटत नाही. हे समजावताना शेंगदाण्यांच्या फटींत मोहरी शिरते, असा दाखला दिला जातो. तो सोपा असला तरी अपुरा आहे, कारण त्या न्यायाने प्रत्येक मिश्रण आकसायला हवे, आणि बेंझीन व सायक्लोहेक्झेन हे द्रव सारख्या मापाने मिसळले की आकारमान उलट अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक वाढते. भरपूर पाण्यात चिमूटभर निर्जल मॅग्नेशियम सल्फेट हा क्षार विरघळवले, तर द्रावण मूळच्या पाण्यापेक्षाही कमी भरते, कारण त्यातील विद्युतभारित आयन भोवतालचे पाण्याचे रेणू स्वतःकडे ओढून दाटीने बसवतात.

पाणी आणि अल्कोहोल यांच्या याच आकसण्याचा अभ्यास रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यांनी १८६५ च्या आपल्या प्रबंधात केला होता. त्या काळी काचेची बाटली काठोकाठ भरून तोलावी लागे. आजची स्वयंचलित यंत्रेही आकारमान थेट मोजत नाहीत. ती घनता मोजतात आणि आकारमान त्यावरून हिशेबाने काढले जाते. वरच्या उदाहरणात दोन्ही द्रवांचे एकूण वजन ८९.४ ग्रॅम आणि मिश्रणाची घनता मिलिलिटरला ०.९२६५ ग्रॅम येते, भागाकार केला की ९६.५ मिलिलिटर हाती येतात.

घनता मोजण्याची रीत मोठी देखणी आहे. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराच्या बारीक काचनळीत जेमतेम एक मिलिलिटर द्रव भरून तिला सतत कंप पावत ठेवतात. द्रवाची घनता जितकी जास्त, तितकी नळी जड आणि तिचा एकेक कंप सावकाश; या कंपनकालाचा वर्ग घनतेनुसार सरळ रेषेत बदलतो, म्हणून हवा आणि शुद्ध पाणी या दोन ज्ञात पदार्थांवर यंत्र जुळवून घेतले की पुरते. ऑस्ट्रियातील ग्रात्झ येथील आंतोन पार कंपनीने अशा तत्त्वावरचा अंकीय घनतामापक १९६७ मध्ये आणला.

खरी डोकेदुखी तापमानाची असते. एका अंशाने इथेनॉलची घनता सुमारे ०.०००८५ ने बदलते, त्यामुळे पाचव्या दशांश स्थळावर विसंबायचे, तर नळीचे तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखावे लागते. शिवाय नळीत हवेचा एखादा बुडबुडा अडकला, तरी साधे यंत्र तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचा आकडा दाखवते. म्हणून जाणते रसायनतज्ज्ञ नमुन्यातील विरघळलेली हवा आधी काढून टाकतात आणि मोजमापांच्या मध्ये पुन्हा शुद्ध पाणी भरून यंत्राची परीक्षा घेतात.