जॅझमधली श्रोत्यांची दाद

जॅझचा छोटा संच (तिघांचा ट्रायो, चौघांचा क्वार्टेट, पाचजणांचा क्विंटेट, फार तर सहाजणांचा सेक्स्टेट) एखादं स्टँडर्ड लाइव्ह वाजवत असतो तेव्हा समोर बसलेले लोक ते कसं ऐकतात आणि ऐकल्याची पावती कशी देतात, त्याविषयीची ही नोंद. यात सोलो (एकट्या वादकाचं उत्स्फूर्त वादन) संपल्यावरच्या टाळ्या येतात, मध्येच निसटलेलं ‘येस!’ किंवा नुसता हुंकार येतो, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हलणारी मान येते, आणि शांतताही येते. शास्त्रीय संगीताच्या मैफलीला बसणाऱ्या आपल्या माणसाला हे सगळं लगेच ओळखीचं वाटतं. पण आपल्याकडे दाद समेवर पडते आणि तिथे ती बहुतेक वेळा एकाचा सोलो संपून दुसऱ्याचा सुरू होतो त्या सांध्यावर पडते, त्यामुळे पुढच्या सोलोचे पहिले दोनचार बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा छोटा गट) टाळ्यांत बुडतात, आणि अनुभवी वादक हे माहीत असल्यामुळे तिथे मुद्दाम थोडंसंच वाजवतो.

स्टँडर्ड म्हणजे ज्याची चाल आणि कॉर्ड (एकदम वाजणारे स्वरसमूह) सगळ्या वादकांना पाठ असतात असं गाणं. साधारण १९२० ते १९५० या काळातल्या ब्रॉडवेच्या संगीत नाटकांतली आणि हॉलिवूडच्या सिनेमातली गाणी यात सर्वाधिक, त्यात पुढे जॅझवाल्यांच्या स्वतःच्या रचना (थेलोनियस मंकची ‘राउंड मिडनाइट’ वगैरे) जमा झाल्या. यादी कुणी अधिकृतपणे ठरवलेली नाही, वाजवत वाजवत ठरली. दादेच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच की गाणं श्रोत्यालाही माहीत असतं, आणि बहुतेकदा शब्दांसकट. टेनर सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन बॅलड, म्हणजे संथ गाणं, वाजवण्याआधी माइकवर त्या गाण्याच्या ओळी नुसत्या बोलून दाखवायचा, त्या घोगऱ्या संथ आवाजात, आणि मगच सॅक्सोफोन तोंडाला लावायचा. मग पुढची दहा मिनिटं ऐकणाऱ्याच्या डोक्यात शब्द चालू राहायचे. टाळ्या आल्या की तो सॅक्सोफोन दोन्ही हातांत आडवा धरून लोकांपुढे करायचा, दाद वाद्याला द्या म्हणून.

ऐकण्याची रीत. नेहमीचा साचा असा: आधी सगळे मिळून मूळ चाल वाजवतात (याला हेड म्हणतात), मग एकेकाचे सोलो, शेवटी परत हेड. सोलोत चाल गेलेली असते पण तिचा सांगाडा, म्हणजे कॉर्डचा क्रम, जसाच्या तसा फिरत राहतो आणि त्याच्या एका पूर्ण फेरीला कोरस म्हणतात. आपण आवर्तन म्हणू, फक्त हे आवर्तन फार लांबलचक. ३२ बारचं गाणं, प्रत्येक बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे १२८ मात्रा. लय मिनिटाला १२० असेल तर एक कोरस ६४ सेकंदांचा. बहुतेक गाण्यांची घडण ‘अ अ ब अ’ अशी असते, आठ-आठ बारचे चार तुकडे, त्यातला तिसरा म्हणजे ब्रिज. तो आला की सूर वेगळ्या जागी जातो आणि कान आपोआप ताठ होतो. जॉनी ग्रीनच्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये (१९३०) तर ब्रिजला गाणं अर्ध्या स्वराने वरच्या पट्टीत सरकतं, आणि गाणं पाठ असलेला श्रोता त्या सरकण्याची वाट बघत असतो, सोलो वाजवणारा तिथे काय करतो याची.

म्हणजे खरी रसिकता अशी की मूळ चाल मनातल्या मनात चालू ठेवायची आणि समोर वाजतंय ते तिच्यावर ठेवून बघायचं. हे जमलं की मग कळतं की वादकाने ब्रिज येण्याआधी अर्धा बार आधीच ब्रिजचा सूर लावला, किंवा कोरस संपला तरी वाक्य न संपवता पुढच्या कोरसमध्ये ओढत नेलं. १९४० च्या दशकात बीबॉपवाल्यांनी (जॅझच्या तेव्हाच्या नव्या, वेगवान शैलीच्या वादकांनी) तर जुन्या गाण्यांच्या सांगाड्यावर नव्या चाली चढवल्या. चार्ली पार्करचं ‘को-को’ (१९४५) हे ‘चेरोकी’च्या कॉर्डवर आहे, ‘ऑर्निथॉलॉजी’ ही ‘हाउ हाय द मून’च्या कॉर्डवर, आणि ज्याला खालचं गाणं ओळखू आलं त्याची दाद वेगळीच असते. सॅक्सोफोनवादक सोनी रोलिन्सने ३ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये नुसत्या बास आणि ड्रम्सच्या साथीने वाजवलं, पियानो नाहीच, म्हणजे कॉर्ड वाजवून दाखवणारं कुणीच नाही, श्रोत्याने त्या स्वतःच ऐकायच्या. अशा वेळी ‘सॉफ्टली, अ‍ॅज इन अ मॉर्निंग सनराइज’सारखं ओळखीचं गाणं निवडलेलं असणं ही फार मोठी मदत असते.

उगमाचा वाद. प्रत्येक सोलोनंतर टाळ्या वाजवायची पद्धत नक्की कधी सुरू झाली हे ठरवणं अवघड आहे, कारण पुरावाच मुळात तोकडा आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या ७८ आरपीएमच्या तबकड्या स्टुडिओत भरलेल्या, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, आणि तिथे श्रोते नसायचेच. रेडिओवरून होणाऱ्या हॉटेलांतल्या थेट प्रक्षेपणांची काही ध्वनिमुद्रणं आहेत, पण त्यात टाळ्या बहुधा गाणं संपल्यावर. त्या काळी बरेचसे लोक नाचायला यायचे, आणि नाच हीच दाद असायची, फार तर चांगला सोलो सुरू झाला की काही जोड्या नाचायच्या थांबून स्टेजपाशी गोळा व्हायच्या.

एक मत असं की ही सगळी दाद आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधून आली, तिथे प्रवचन चालू असताना ऐकणारे मध्येच ‘आमेन’, ‘येस’ म्हणत असतात आणि बोलणाऱ्याला पुढे ढकलत असतात. दुसरं मत मैफलीच्या सभागृहाकडे बोट दाखवतं. १६ जानेवारी १९३८ ला क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनचा न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम झाला, मोठा बँड होताच पण त्याच्यासोबत ट्रायो आणि क्वार्टेटही होते (टेडी विल्सन, जीन क्रुपा, लायनेल हॅम्प्टन) आणि त्यांनी ‘बॉडी अँड सोल’, ‘द मॅन आय लव्ह’ अशी स्टँडर्डच वाजवली. कार्यक्रमाचं मुद्रण १९५० मध्ये एलपीवर बाहेर आलं आणि त्या संध्याकाळी सोलोंनंतर पडलेल्या टाळ्या त्यात ऐकू येतात. मग २ जुलै १९४४ ला लॉस एंजेलिसच्या फिलहार्मॉनिक ऑडिटोरियममध्ये आयोजक नॉर्मन ग्रँझने जॅम सेशनच (वादकांनी आयत्या वेळी जमून चढाओढीने वाजवणं) थेट स्टेजवर आणला, ‘जॅझ अ‍ॅट द फिलहार्मॉनिक’ या नावाने पुढे गाजला तो हाच. तिथे इलिनॉय जॅकेच्या सॅक्सोफोनवर आणि पियानोवादक नॅट कोल व गिटारवादक लेस पॉल यांच्या एकमेकांना उत्तर देण्यावर लोक अक्षरशः ओरडतायत. ग्रँझ गोऱ्या आणि काळ्या श्रोत्यांना वेगळं बसवायला ठाम नकार द्यायचा, त्यामुळे दादही एकाच सभागृहात मिसळली, ही गोष्ट या संदर्भात क्वचितच लक्षात घेतली जाते.

तिसरं मत कराचं आहे, आणि ते ऐकायला रुक्ष वाटलं तरी सोडून देता येत नाही. १९४४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने नाच किंवा गाणं असलेल्या जागांच्या बिलावर आधी ३० टक्के आणि त्याच वर्षी कमी करून २० टक्के कॅबरे टॅक्स लावला. नुसतं वाद्यवादन असेल तर सूट. साहजिकच मालकांनी डान्स फ्लोअर बंद केले, तिथे टेबलं टाकली, मोठे बँड परवडेनासे झाले आणि चार-पाच वादकांचे संच वाढले. न्यूयॉर्कच्या ५२व्या रस्त्यावरच्या जॅझ क्लबांच्या खोल्या आधीपासूनच इतक्या अरुंद होत्या की नाचायला जागाच नव्हती. पाय अडकलेला श्रोता मग हाताने बोलू लागला, असा हा तर्क.

मला वाटतं या वादात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. मध्येच उठणारा हुंकार आणि सोलोनंतरची टाळी या एका उगमाच्या नसाव्यात. हुंकार जुना आहे आणि त्याचं नातं चर्चशी जोडणं पटतं, टाळी मात्र सभागृहात आणि जॅम सेशनच्या चढाओढीत रुळलेली दिसते, आणि १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ती रिवाज बनली असावी. कराचा वाटा होता, पण तो बसून ऐकणारा श्रोता तयार करण्यापुरता.

दोन मुद्रणं. २५ जून १९६१, रविवार. व्हिलेज व्हॅनगार्ड हा न्यूयॉर्कच्या सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवरचा तळघरातला क्लब, मॅक्स गॉर्डनने १९३५ मध्ये सुरू केलेला, शंभर-सव्वाशे लोक बसतील एवढाच. पियानोवादक बिल एव्हान्सचा ट्रायो (बास स्कॉट लाफारो, ड्रम्स पॉल मोशन) त्या दिवशी दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट वाजवतो आणि रिव्हरसाइड कंपनी ते सगळं मुद्रित करते. ‘माय फूलिश हार्ट’ संथ चालू असताना ग्लास किणकिणतात, मागे कुणीतरी गप्पा मारतंय, टाळ्या पडतात त्या तुरळक. पहिल्यांदा ऐकताना राग येतो, की एवढं वाजतंय आणि ही माणसं बोलतायत काय. पण पुन्हा पुन्हा ऐकलं की लक्षात येतं, त्या खोलीत आवाज कमी-जास्त होतोय, काही जागी गप्पा ओसरतात आणि पियानोचा शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी हात वाजवत नाही. ते अर्ध्या सेकंदाचं थांबणं मला स्वतःला त्या टाळ्यांपेक्षा मोठी दाद वाटते. अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला, वय २५. त्या रविवारी तिथे बसलेल्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं की हा ट्रायो ते शेवटचा ऐकतायत.

दुसरं मुद्रण १२ फेब्रुवारी १९६४ चं, न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरच्या फिलहार्मॉनिक हॉलमधलं. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा क्विंटेट: जॉर्ज कोलमन (सॅक्सोफोन), हर्बी हॅनकॉक (पियानो), रॉन कार्टर (बास), टोनी विल्यम्स (ड्रम्स). कार्यक्रम मिसिसिपी आणि लुइझियानातल्या कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीच्या निधीसाठी होता आणि मानधन मिळणार नाही यावरून वादकांत कुरबूर होती, स्टेजवर येतानाच वातावरण तापलेलं. ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ हे रॉजर्स आणि हार्ट यांचं १९३७ च्या ‘बेब्स इन आर्म्स’ या संगीत नाटकातलं गाणं, ३२ ऐवजी ३६ बारचं कारण शेवटचा ‘अ’ चार बारनी लांबवलाय. माइल्सने ते १९५६ मध्येही मुद्रित केलं होतं, त्यामुळे लोक ओळखून होते. इथे हॅनकॉकच्या पियानोवर तो सुरुवातीची ओळख पटण्यापुरती चाल देतो आणि मग ती मोडायला लागतो, लय कधी दुप्पट कधी परत निम्मी, आणि एवढं मोठं सभागृह जवळजवळ पंधरा मिनिटं चिडीचूप बसून मागोमाग जातं. त्याच संध्याकाळच्या ‘स्टेला बाय स्टारलाइट’मध्ये माइल्सच्या एका सुरावर श्रोत्यांतून कुणाचीतरी आरोळी निघते, ती तबकडीवर तशीच राहिलीय. हे गाणं व्हिक्टर यंगने १९४४ च्या ‘द अनइन्व्हायटेड’ या सिनेमासाठी केलेलं, ‘अ अ ब अ’सारखं सरळ परत न फिरणारं, त्यामुळे यात कुठे आहोत हे सुटणं सोपं. ती आरोळी टाळीच्या नेहमीच्या जागी नाही, सोलोच्या ऐन मध्यावर आहे. आपल्याकडे ‘क्या बात है’ तोंडून जसं निसटतं ना, तसंच ते.

बास आणि ड्रम्स. बासचा सोलो सुरू झाला की लोक बोलायला लागतात ही तक्रार जुनी. कारण साधं आहे, बाकीचे थांबतात किंवा अगदी हळू होतात, आवाज पडतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मध्यंतर झालं. खरं तर गाणं मनात धरून ठेवण्याची खरी परीक्षा इथेच. ड्रमरबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण चालते (त्याला ट्रेडिंग फोर्स म्हणतात) तेव्हाही कोरस फिरतच असतो, आणि हेडवर सगळे एकदम परत पडतात तिथे जो आनंद होतो तो थेट समेवर आल्याचाच.

शिस्त. बासवादक चार्ल्स मिंगसने १९६० मध्ये कँडिड कंपनीसाठी स्टुडिओत मुद्रण करताना क्लबमध्ये असल्यासारखी सूचना दिलीय, की टाळ्या वाजवू नका, ग्लासातला बर्फ खुळखुळवू नका, गल्ल्याचा आवाज नको. समोर श्रोते नव्हतेच, पण इतक्या वर्षांचं दुखणं त्यात ऐकू येतं. याच तबकडीतली ‘व्हॉट लव्ह’ ही रचना ‘व्हॉट इज धिस थिंग कॉल्ड लव्ह’ या स्टँडर्डवरून निघालेली. पियानोवादक कीथ जॅरेटचा गॅरी पीकॉक (बास) आणि जॅक डिजॉनेट (ड्रम्स) यांच्याबरोबरचा ट्रायो १९८३ पासून मुख्यतः स्टँडर्डच वाजवायचा आणि खोकला किंवा कॅमेरा त्याला सहन व्हायचा नाही, २००७ मध्ये इटलीत पेरुजाला फोटो काढणाऱ्यांवर तो स्टेजवरून भडकला होता. व्हॅनगार्डमध्ये आजही सेट चालू असताना फोटो आणि गप्पा चालत नाहीत.

भारतात. मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी, टेडी वेदरफर्ड असे अमेरिकन वादक आले आणि पुढे गोव्याच्या वादकांनी (चिक चॉकलेट, मिकी कोरिया) ही जागा सांभाळली. पण ते बॉलरूम, म्हणजे तिथली दाद नाचाची. बसून ऐकणारा मोठा समुदाय १९७८ मध्ये धोबी तलावजवळच्या रंगभवनात पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवाला जमला, उघड्यावर, आणि त्यात सोनी रोलिन्स वाजवून गेला.