चोचीतला मासा आणि तापलेला समुद्र

अलास्काच्या आखातात, कॉर्डोव्हा या बंदरगावापासून सुमारे १३० किलोमीटर नैऋत्येला, मिडलटन नावाचे एक सपाट, उघडेबोडके बेट आहे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलाने तिथे रडार केंद्र उभारले आणि पुढे ते सोडून दिले. रिकामा मनोरा मागे उरला. समुद्रकड्यांवर घरटी बांधणाऱ्या किटिवेक या कुरव जातीच्या पक्ष्यांनी तो कडाच समजून ताब्यात घेतला. या बेटावर १९७८ पासून काम करणारे पक्षी-अभ्यासक स्कॉट हॅच यांनी मनोऱ्याच्या भिंतींना बाहेरून लाकडी फळ्या ठोकल्या आणि फळ्यांच्या मागे एकतर्फी काचा बसवल्या. आतल्या माणसाला पक्षी दिसतो, पक्ष्याला माणूस दिसत नाही. हातभर अंतरावर अंडी उबवली जातात, पिल्ले भांडतात आणि समुद्रावरून परतलेले आईबाप त्यांच्यापुढे गिळून आणलेले मासे ओकतात. हॅच यांना मुख्यतः पाहायचे होते ते हे मासेच.

समुद्रात किती मासळी आहे हे एरवी आपल्याला जाळ्यातून कळते. बंदरावर उतरलेल्या मासळीचे आकडे असतात, त्यावरून अंदाज बांधता येतो. पण अलास्काच्या आखातातले कॅपेलिन आणि सँड लान्स हे बोटभर लांबीचे मासे कोणी विक्रीसाठी धरतच नाही, त्यामुळे त्यांचे आकडेही मिळत नाहीत. आणि नेमके हेच मासे अन्नजाळ्याच्या मधोमध बसलेले असतात. खाली प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वर कॉड, सील, देवमासे आणि लाखो पक्षी. खालची ऊर्जा वर पोचते ती या चिमुकल्या माशांमार्फत. आपल्या किनाऱ्यावर हीच जागा तारली, पेडवे आणि मांदेली यांची. अशा माशांचे थवे आज इथे, उद्या तिथे. संशोधन-जहाज वर्षातून एकदा येऊन जाते, पण पिल्लू वाढवणारा पक्षी दिवसातून अनेकदा समुद्र धुंडाळतो आणि जे सापडले ते घरी आणतो.

हे मासे मिळवण्याची पद्धत अगदी साधी आहे. किटिवेक हातात धरला की घाबरून तो पोटातले बाहेर टाकतो. ऱ्हायनोसेरस ऑकलेट हा पफिनचा भाऊबंद अंधार पडल्यावर बिळाकडे परततो, तेव्हा त्याच्या चोचीत आडवे धरलेले अख्खे मासे असतात; अडवले की ते टाकून तो पळतो. मग एकेक मासा ओळखायचा, मोजपट्टीवर ठेवायचा, वजन करायचे आणि गोठवायचा. सगळेच पक्षी इतके सोपे नसतात. तिथे विष्ठेतला डीएनए तपासतात, किंवा पिसांतल्या नायट्रोजनच्या जड समस्थानिकाचे (म्हणजे त्याच मूलद्रव्याच्या जरा जड अणूंचे) प्रमाण मोजतात. खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्यात प्रत्येक पायरीला हे प्रमाण थोडे वाढत जाते, त्यामुळे पक्षी अन्नसाखळीत कितव्या पायरीवर जेवतो याचा अंदाज येतो. तरीही चोचीतला अख्खा मासा तो मासाच. त्याची जात कळते, वय कळते, अंगावर चरबी किती तेही कळते.

मिडलटनचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. १९९६ पासून मनोऱ्यावरच्या काही जोडप्यांना काचेशेजारच्या नळीतून दररोज कॅपेलिन पुरवले जाते. शेजारच्या जोडप्यांना काहीच दिले जात नाही, त्यांनी समुद्रावर भागवायचे. हंगामाच्या शेवटी दोन्हीकडची पिल्ले मोजायची. ज्या वर्षी समुद्रात सुबत्ता असते, त्या वर्षी दोन्ही गटांत फारसा फरक पडत नाही. ज्या वर्षी समुद्र उपाशी, त्या वर्षी नळीवरची पिल्ले वाढतात आणि शेजारची मरतात. हे अंतर म्हणजेच समुद्राच्या टंचाईचे माप. २००८ च्या सुमारास पाणी थंड टप्प्यात गेले, पक्ष्यांच्या आहारात कॅपेलिन ठळकपणे दिसू लागला आणि नळीविना जगणाऱ्या जोडप्यांचीही पिल्ले तगू लागली. समुद्राने कूस बदलल्याचे पक्ष्यांच्या घरट्यांतून वाचता आले.

इथे मासा किती याबरोबरच मासा कोणता हेही पाहावे लागते. कॅपेलिन किंवा सँड लान्स तेलकट, तर पोलॉक या कॉडच्या भाऊबंदाची पिल्ले बेताचीच. एका ग्रॅममागे मिळणारी ऊर्जा बरीच कमी. किटिवेकच्या लाल पायांच्या जातीची पिल्ले पिंजऱ्यात वाढवून अलेक्झांडर किटायस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की कमी चरबीच्या माशांवर वाढलेल्या पिल्लांत ताणाचे संप्रेरक वाढते आणि अन्न कुठे आहे हे शिकण्याची त्यांची क्षमता मंदावते. पोट भरले तरी डोके उपाशी राहते. असे पिल्लू घरट्यातून उडाले म्हणून वाचले असे धरून चालत नाही.

मग उष्णतेची लाट आली. २०१३-१४ च्या हिवाळ्यात ईशान्य पॅसिफिकमध्ये साठू लागलेले गरम पाणी २०१६ पर्यंत हटले नाही. २०१५ च्या उन्हाळ्यापासून २०१६ च्या वसंतापर्यंत कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंतच्या किनाऱ्यांवर कॉमन मर या पक्ष्यांची मेलेली आणि मरायला टेकलेली सुमारे ६२,००० शरीरे वाहून आली. त्यांतली तीन चतुर्थांश एकट्या अलास्काच्या आखातात सापडली. बहुतेक पक्षी हाडांना कातडी चिकटल्यासारखे झाले होते. उपासमारीखेरीज दुसऱ्या कशाचा पुरावा मिळाला नाही.

मर हा काही लेचापेचा पक्षी नव्हे. किलोभर वजनाचा, पंखांनी पोहत शंभर मीटरपेक्षाही खोल बुडी मारणारा. पण त्याची भूक अफाट आहे: रोज आपल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास मासे त्याला लागतात, आणि तीन ते पाच दिवस काही मिळाले नाही तर तो मरतो. एवढा पट्टीचा शिकारी लाखोंनी उपाशी मरतो, तेव्हा खाली काहीतरी फार मोठे मोडलेले असते.

काय मोडले होते, याची मांडणी जॉन पायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये केली. गरम पाण्यात वनस्पती-प्लवक घटले, आणि त्यावर जगणाऱ्या प्राणी-प्लवकांत कमी चरबीच्या जातींची सरशी झाली. त्याच वेळी माशांची भूक वाढली, कारण त्यांचे शरीर पाण्याच्या तापमानाने चालते. पाणी तापले की जगायलाच जास्त इंधन लागते. म्हणजे कॅपेलिन आणि सँड लान्सना खायला निकृष्ट, आणि गरज मात्र जास्त. वरून कॉड आणि पोलॉकसारख्या मोठ्या माशांचीही भूक वाढली, आणि तेही याच लहान माशांवर तुटून पडले. मधली मासळी अडकित्त्यातल्या सुपारीसारखी दोन्हीकडून चिरडली गेली. थंड वर्षांच्या तुलनेत २०१६ मध्ये एक वर्ष वयाच्या सँड लान्सच्या अंगातली ऊर्जा ८९ टक्क्यांनी कमी भरली. पक्ष्याने बुडी मारून मासा पकडला, तरी त्या माशात जवळजवळ काही नव्हते.

एरवी हे जाळे लवचिक असते. कॅपेलिन कमी झाला तर सँड लान्स, तो नाही तर हेरिंग, असे भागते. त्या वर्षांत हे सगळे आधार एकदमच खचले. मिडलटनच्या नोंदींत कॅपेलिन दिसेनासा झाला तो याच काळात. माणसालाही झळ पोचली: पॅसिफिक कॉड इतका घटला की अलास्काच्या आखातातली त्याची मासेमारी २०२० साली अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या हद्दीत बंद ठेवावी लागली.

मृत्यूंचा अंदाज आधी दहा लाखांच्या घरात होता, कारण समुद्रात मेलेल्या पक्ष्यांपैकी थोडेच किनाऱ्याला लागतात. पण २०२४ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो कितीतरी वर नेला. हेदर रेनर आणि सहकाऱ्यांनी अलास्कातल्या १३ वसाहतींवरच्या लाटेआधीच्या आणि नंतरच्या मोजण्या ताडून पाहिल्या. पक्षी ५२ ते ७८ टक्क्यांनी घटले होते. हिशेब सुमारे ४० लाखांवर गेला: अलास्कातले निम्मे मर. २०२२ पर्यंत वसाहती पुन्हा भरल्या नव्हत्या. हे वाचून काळीज हलते.

याच लाटेत एका माशाचे मात्र फावले. सेबलफिश खोल पाण्यातला, चांगला भाव मिळणारा मासा. त्याची २०१४ आणि २०१६ ची पिढी भरघोस निघाली. त्याची कोवळी पिल्ले ऑकलेटच्या चोचीत मिडलटनवर येतात. त्यांच्या लांबीवरून त्या वर्षी ती किती झपाट्याने वाढली हे काढता येते, आणि मोठे होऊन ती जाळ्यात किंवा गळाला लागायला आणखी काही वर्षे असतात. हे माप आता सेबलफिशच्या साठ्याचा आढावा घेताना विचारात घेतले जाते. मिडलटनच्या पक्ष्यांच्या आहाराच्या नोंदी अलास्काच्या आखाताच्या परिसंस्थेवरील वार्षिक अहवालातही जातात, आणि पुढच्या वर्षी किती मासे धरायचे हे ठरवणारी मंडळी तो अहवाल समोर ठेवून बसतात.