कोलोनोस्कोपीपूर्वीचा जुलाब आणि रक्तातले क्षार

कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीत, मोठ्या आतड्याचे अस्तर नीट दिसायचे, तर आतडे आधी रिकामे व्हावे लागते. त्यासाठी दिलेल्या जुलाबाच्या औषधाचा त्रास बहुतेकांना शौचालयाच्या फेऱ्यांपुरताच होतो. काहींच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण मात्र बिघडते.

त्यात सर्वांत फसवे सोडियम. रक्तात ते सामान्यतः लिटरमागे 135 ते 145 मिलिमोल असते. जुलाबाने शरीरातील द्रव घटला किंवा मळमळू लागले, की व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक स्रवते आणि मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू लागतात. अशा वेळी ‘भरपूर पाणी प्या’ ही सूचना शब्दशः पाळून कोणी पेल्यामागून पेले साधे पाणी रिचवले, तर ते शरीरात साठून सोडियम विरळ करते. पातळी झपाट्याने उतरल्यास मेंदूच्या पेशी फुगतात. आधी डोके दुखते, उलट्या होतात; पण हा औषधाचाच त्रास समजून तिकडे दुर्लक्ष होते, आणि रुग्ण असंबद्ध बोलू लागला किंवा त्याला आकडीचा झटका आला, की मग धावाधाव होते. वृद्धांना, विशेषतः थायाझाइड गटातील रक्तदाबाच्या गोळ्या किंवा काही नैराश्यरोधक औषधे घेणाऱ्यांना, हा धोका अधिक. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी मुळातच कमी झालेले पोटॅशियम जुलाबाने आणखी उतरले, तर हृदयाची लय बिघडू शकते.

औषधागणिक धोका बदलतो. सोडियम फॉस्फेटने रक्तातील फॉस्फेट वाढून कॅल्शियम घटते. शिवाय कॅल्शियम फॉस्फेटचे कण मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचून कायमची इजा होऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला. पिकोसल्फेट व मॅग्नेशियमचे मिश्रण प्यायला सोपे, पण मूत्रपिंडे दुबळी असल्यास मॅग्नेशियम साठते. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण क्षार तोलून बनवलेले असल्याने शरीराशी पाण्याची आणि क्षारांची देवघेव फारशी होत नाही. ते खारट लागते आणि पुष्कळ प्यावे लागते, ही तक्रार रास्तच आहे. तरी मूत्रपिंड किंवा हृदयाच्या रुग्णांसाठी सहसा तेच निवडतात.

म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी डॉक्टरांना आधीच दाखवावी; जोखीम असल्यास ते सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनीन तपासून घेतात. पाण्याच्या जोडीला क्षारयुक्त पेये किती घ्यायची, हेही त्यांनाच विचारावे. तयारीदरम्यान गोंधळल्यासारखे वाटले किंवा गुंगी आली, तर आणखी पाणी न पाजता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे. कोलोनोस्कोपी नंतरही करता येते.