ब्रिटनमध्ये दोन वर्षं काम: सोडतीत नाव येण्याआधीच करून ठेवायची कामं

हातात नोकरीचं पत्र नसतानाही ब्रिटनमध्ये दोन वर्षं राहून काम करता येतं, हे आपल्याकडच्या बऱ्याच मुलामुलींना माहीतच नसतं. भारत आणि ब्रिटन यांच्यात मे २०२१ मध्ये करार झाला. त्यातून निघालेली इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम फेब्रुवारी २०२३ पासून सुरू आहे. वर्षाला ३,००० जागा असतात आणि व्हिसाचा अर्ज करायची संधी सोडतीने मिळते.

पात्रता अशी: भारतीय नागरिकत्व, वय १८ ते ३०, किमान पदवी आणि खात्यात २,५३० पौंड. १८ वर्षांखालचं मूल तुमच्याजवळ राहत असेल किंवा तुमच्यावर अवलंबून असेल, तर अर्ज करता येत नाही. आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा मागत नाहीत.

सोडत आजवर साधारण फेब्रुवारीत आणि जुलैत निघत आली आहे. ब्रिटन सरकारच्या संकेतस्थळावर ती ४८ तास खुली असते. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील आणि त्याचा फोटो, फोन, ईमेल, एवढंच भरायचं. पैसे लागत नाहीत. नावं संगणक कशीही उचलतो, त्यामुळे ‘तुमचं नाव नक्की काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. हे मी कळकळीने सांगतोय, कारण या फुकटच्या अर्जासाठी पैसे मोजलेली मुलं मी पाहिली आहेत.

निकाल दोन आठवड्यांत ईमेलने येतो. नाव आलं, की व्हिसाचा अर्ज, शुल्क आणि बोटांचे ठसे हे सगळं साधारण ९० दिवसांत उरकायचं असतं. तीन महिने पुष्कळ वाटतात, पण आपल्या कागदपत्रांना ते पुरत नाहीत.

भाचीचे कागद तपासायला बसलो तेव्हा हे नीट कळलं. पासपोर्टवर तिचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. पदवी प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव. माणूस एकच, पण परक्या अधिकाऱ्याला ते कसं कळणार? नावांचा क्रम का वेगळा आहे हे सांगणारं छोटं पत्र इंग्रजीत लिहून सोबत जोडा. स्पेलिंगच चुकलं असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. पदवीदान समारंभ व्हायचा असेल, तर पदवी मिळाल्याचं अधिकृत पत्र विद्यापीठाकडून आत्ताच मागून ठेवा.

पैशांचा नियम सगळ्यात कडक. २,५३० पौंड, म्हणजे आजच्या दराने तीन लाखांच्या आसपास, सलग २८ दिवस तुमच्या स्वतःच्या खात्यात हवेत. एक तारखेला जमा केले तर अठ्ठावीस तारखेपर्यंत शिल्लक त्याखाली जाता कामा नये. एक दिवस जरी गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. हा अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. पौंडाचा दर हलतो, म्हणून वीस-पंचवीस हजार जास्तच ठेवा. शेअर धरत नाहीत. बचत खातंच बरं.

शुल्क याच्या वेगळं. २०२५ मध्ये व्हिसाचे ३१९ पौंड होते आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी आधीच भरायची रक्कम, १,५५२ पौंड. म्हणजे शिल्लक दाखवायच्या रकमेला हात न लावता आणखी दोन लाखांची सोय करावी लागते. अर्जाआधी त्या वेळचे आकडे तपासून घ्या.

क्षयरोगाची तपासणीही लागते, तीही ब्रिटनने मान्यता दिलेल्या दवाखान्यातूनच. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. छातीच्या एक्स-रेमध्ये काही शंका आली तर थुंकीची तपासणी होते आणि तिच्या निकालाला दोन महिनेही लागू शकतात. म्हणून निवडीचा ईमेल आला, की त्याच आठवड्यात वेळ घ्या.

तिथे नोकरी करता येते, शिकता येतं, छोटा स्वतंत्र व्यवसायही करता येतो. मात्र या व्हिसावर जोडीदाराला नेता येत नाही आणि मुदत वाढवून मिळत नाही. ही संधीही एकदाच मिळते.

सोडतीत नाव आलं नाही, तर पुढच्या सोडतीत पुन्हा घालता येतं. तेव्हाही पैसे पडत नाहीत.