ऑपरेशन चालू असताना हसू बंद : युद्धकाळातल्या विनोदी मालिकांची पार्श्वभूमी

वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६४ पासून बंदुकीच्या गोळ्या बनतात. भुसावळची निर्माणी त्याहून जुनी, १९४९ची. सुट्टीवर आलेला फौजी तर खान्देशात गावोगाव दिसतो. पारावर त्याला लढाईचं विचारा. तो मेसमधल्या पातळ डाळीचं सांगेल, तऱ्हेवाईक साहेबाचं सांगेल, रजेचा अर्ज कुठे अडकला ते रंगवून सांगेल. ऐकणारे पोट धरून हसतात. मध्येच एखाद्या गेलेल्या जोडीदाराचं नाव येतं आणि गोष्ट थांबत नाही. टीव्हीवरच्या युद्धकाळातल्या विनोदी मालिकांचं मूळ अशा बोलण्यात आहे. त्यांतला काळा विनोद लेखकाच्या टेबलावर जन्मला नाही.

पुरावा जुना आहे. १९१६ च्या फेब्रुवारीत बेल्जियममधल्या ईप्र शहरात ब्रिटिश सैनिकांना पडझडीत एक छापखाना सापडला आणि त्यांनी ‘वायपर्स टाइम्स’ काढला. ‘तुम्हाला आशावादाची बाधा झाली आहे का?’ अशी खोटी जाहिरात त्यात असे. आमच्याकडे दोन दिवस राहा, मुळापासून बरे व्हाल, असा इलाज. राहायचं कुठे, तर खंदकात.

टीव्हीनं सुरुवात जपून केली. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’त (१९६८ ते १९७७) दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश होमगार्डातल्या म्हाताऱ्यांची फजिती आहे, मरण मात्र दूरच राहतं. अमेरिकेत ‘होगन्स हीरोज’नं नाझींच्या युद्धकैदी छावणीवर विनोद केला. त्यात जर्मन अधिकारी बावळट ठरवून भागवलं होतं.

खरा बदल ‘मॅश’नं केला. कोरियन युद्धात फिरत्या शस्त्रक्रिया रुग्णालयात काम केलेल्या एका सर्जनने टोपणनावानं लिहिलेली कादंबरी १९६८ ची, तिच्यावरचा चित्रपट १९७० चा. सीबीएसवरची मालिका १७ सप्टेंबर १९७२ ला सुरू झाली, म्हणजे मुंबई दूरदर्शन सुरू होण्याच्या पंधरवडाभर आधी. गोष्ट कोरियाची होती, पण बघणाऱ्यांच्या डोक्यात व्हिएतनाम होतं. लढाई तेव्हा चालूच होती.

निर्माते लॅरी गेलबार्ट आणि जीन रेनॉल्ड्स यांना मालिकेत रेकॉर्डेड हसू नको होतं. वाहिनीचा हट्ट होता. शेवटी तडजोड झाली : ऑपरेशन थिएटरच्या प्रसंगांत हसू वाजणार नाही. मला ही तडजोडच या मालिकेचं मोठं काम वाटतं. रक्तानं माखलेले हात पोटात घालून डॉक्टर कोट्या करतायत आणि कुणी हसून सांगत नाही की हा विनोद आहे. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. ब्रिटनमध्ये तर बीबीसीनं ती सगळी हसूविनाच दाखवली. तिकडच्या प्रेक्षकाला वेगळीच, जास्त कडू मालिका मिळाली.

१८ मार्च १९७५ च्या भागात लाडका कर्नल हेन्री ब्लेक घरी जायला निघतो. शेवटच्या प्रसंगाचं पान बहुतेक नटांना चित्रीकरणाआधी काही वेळच हातात मिळालं. रडार या टोपणनावाचा छावणीतला कारकून आत येऊन सांगतो, कर्नलचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं, कुणी वाचलं नाही. टाके घालणं थांबत नाही. प्रेक्षकांची संतापाची पत्रं आली. विनोदी मालिकेत असं कुणी मारतं का, ही तक्रार आपल्याकडे मयताच्या दारावर बसायला आलेल्या मंडळींना मात्र पटली नसती. तिथे रडणं आणि गेलेल्याच्या गमती एकाच सतरंजीवर चालतात.

‘मॅश’ अकरा वर्षं चालली. मूळ युद्ध तीन वर्षांचं, तेही २७ जुलै १९५३ ला शस्त्रसंधीवर थांबलेलं. २८ फेब्रुवारी १९८३ चा अडीच तासांचा शेवट अमेरिकेत दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

ब्रिटननं उत्तर दिलं १९८९ मध्ये. पहिल्या महायुद्धावरच्या ‘ब्लॅकअ‍ॅडर गोज फोर्थ’चे भाग अवघे सहा, आणि कॅप्टनचा सारा जीव एकाच खटाटोपात : खंदकातून वर चढून धावण्याचा हुकूम कसा टाळायचा. शेवटी तो वेडाचं सोंग घेतो, डोक्यावर चड्डी, नाकपुड्यांत पेन्सिली. उपयोग होत नाही. २ नोव्हेंबरच्या अखेरच्या भागात सगळे धावत सुटतात, दृश्य संथ होतं आणि रणभूमीचं लाल पॉपीच्या फुलांचं शेत होतं. २०१४ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी अशा कार्यक्रमांवर महायुद्धाचं विडंबन केल्याचा आरोप केला. पंचवीस वर्षांनी मंत्र्याला झोंबावं, हे विनोदी मालिकेचं यशच.

आपल्याकडे दूरदर्शननं १९८८-८९ च्या सुमारास ‘परमवीर चक्र’ आणि ‘फौजी’ दिली. शौर्य होतं, प्रशिक्षणातली थट्टामस्करी होती, मरणावरचा विनोद नव्हता. ऐवज मात्र भरपूर होता. त्याच कोरियात १९५० च्या अखेरीस लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली भारताचं ६० पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पथक पोचलं होतं. चिनी फौजा येताहेत, माघार चालू आहे आणि औषधं-अवजारं न्यायला गाड्या नाहीत, अशा वेळी या जवानांना एक जुनं वाफेचं इंजिन सापडलं. बादल्यांनी पाणी भरून त्यांनी ते पेटवलं आणि सारं सामान दक्षिणेला आणलं. भुसावळच्या लोको शेडमधल्या जुन्या जाणत्यांना हा एकच भाग दाखवला असता, तरी बादल्या किती लागल्या यावर त्यांची रात्रभर वादावादी चालली असती.