सबवूफर बंद पडलाय? दुकानात आणण्याआधी एवढं पाहा

होम थिएटरच्या पॉवर्ड सबवूफरमध्ये (खोल बेस वाजवणाऱ्या स्पीकरमध्ये) अ‍ॅम्प्लिफायर पोटातच असतो. म्हणून आवाज गेला की संशय तिघांवर येतो: रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज वाटणारा मुख्य डबा), केबल आणि खुद्द सबवूफर.

आधी मागचा स्विच 'ऑटो'वरून 'ऑन'वर करा. रात्री हळू आवाजात सिनेमा पाहताना सबवूफर मध्येच झोपत असेल तर तो बिघाड नव्हे. ऑटोला जाग यायला पुरेसा सिग्नल मिळत नाही, एवढंच. रिसीव्हरमध्ये सबवूफरची लेव्हल वाढवा आणि मागचा नॉब तेवढा उतरवा.

दिवा लागतो पण आवाज नाही? रिसीव्हरची केबल काढून मोबाईल किंवा लॅपटॉपच्या हेडफोन पिनमधून गाणं लावा. वाजलं, तर सबवूफर ठणठणीत आहे. रिसीव्हर रीसेट झाल्यावर मेनूत सबवूफर 'नो' होऊन बसतो, किंवा फ्रंट स्पीकर 'लार्ज' झाल्याने स्टिरिओ गाण्यांचा सगळा बेस तिकडेच जातो. फ्रंट 'स्मॉल' करा, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबवूफरकडे जातो ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवा. (केबलच्या पिनला बोट लावून घुरघुर ऐकायची जुनी युक्ती नको. अर्थिंग नसलेल्या घरात मुंग्या येतात.)

सतत 'घूं' येतंय? सिग्नल केबल उपसा. आवाज थांबला तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे जोडलेली उपकरणं एकाहून जास्त वाटांनी अर्थला लागली आहेत. सेट-टॉप बॉक्सची डिशची वायर काढून पाहा, पुष्कळदा चोर तिथेच सापडतो. थ्री-पिनची अर्थची पिन मात्र कधीही तोडू नका. केबल काढूनही घूं चालूच राहिलं तर आतले फिल्टर कपॅसिटर फुगलेले असण्याची शक्यता जास्त. ते काम आमचं.

दिवाच लागत नसेल तर प्लग काढून फ्यूज पाहा. काच काळी पडली असेल तर आत शॉर्ट आहे. नुसती तार तुटली असेल तर त्याच अँपिअरचा, त्याच स्लो-ब्लो (क्षणभराचा जादा करंट सोसणाऱ्या) जातीचा एक फ्यूज घालून पाहा. तोही उडाला तर दुसरा घालू नका, फ्यूजला चांदीचा कागद तर मुळीच गुंडाळू नका. अमेरिकेहून आणलेल्या सेटवर १२० व्होल्ट लिहिलंय का, हे सॉकेटला लावण्याआधीच वाचा.

मागची प्लेट उघडू नका. एसएमपीएसच्या (आतल्या पॉवर सप्लायच्या) कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज राहू शकतो. आम्ही उघडतो तेव्हा एक गोष्ट हमखास बघतो: सुटे भाग हलू नयेत म्हणून कंपनीने लावलेला पिवळट गोंद. उष्णतेने तो तपकिरी पडला की त्यातून करंट गळतो, शेजारच्या रेझिस्टरचे पाय गंजतात. बॉक्सच्या हादऱ्यांनी सोल्डरलाही बारीक भेगा जातात. बोर्ड न बदलता हे दोन्ही दुरुस्त होतं.

आवाज फाटका येत असेल तर सेट बंद करून जाळी काढा, बोटं पसरून स्पीकरचा कोन (मधला पडदा) चारी बाजूंनी सारखा, हलकेच दाबा. खरखर लागली तर व्हॉइस कॉइल (कोनामागची तारेची गुंडाळी) घासतेय किंवा जळलीय. मल्टिमीटर असणाऱ्यांसाठी: स्पीकरची वायर सोडवून मोजल्यास ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.६ ओहम दाखवतो. कडेचा फोम नुसता चुरला असेल तर नवा स्पीकर घेऊ नका, फोम बदलून मिळतो.

आणताना पॉवर कॉर्ड आणि सिग्नल केबल सोबत ठेवा, आणि वरचं काय काय करून पाहिलंत ते चिठ्ठीवर लिहा.